वरच्या मजल्यावरची पांढरी पाच

गिटार मी विकत घेतलेली नव्हती. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातला एक सहकारी कॅनडाला गेला आणि जाण्याआधी त्याने घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. फ्रिज एकाने नेला, कुंड्या दुसऱ्याने. गिटार कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. त्याने तारा सैल करून ठेवल्या होत्या. बरेच दिवस वाजवायची नसेल तर तारा सैल कराव्यात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वाजवायची असेल तेव्हा त्या परत किती ताणायच्या, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी तेव्हा बेंगळुरूत, चामराजपेटेत, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्याआधीची बरीच वर्षं पुण्यात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेली होती. लग्न मोडलं, त्याच सुमाराला डेस्कही लहान झाला आणि बेंगळुरूच्या एका कंपनीत काम मिळालं. फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या यंत्राची मराठी वाक्यं तपासणं, हे ते काम. ऑफिसला आठवड्यातून एकदा जायचं, एरवी घरूनच. मीटिंग हिंदीत आणि इंग्रजीत व्हायच्या. कित्येक दिवशी मोठ्याने बोललेली मराठी मला फक्त त्या यंत्राकडून ऐकायला मिळायची. ते फार नम्र बोलायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर उत्तरासाठी थांबायचं.

चामराजपेट ऑफिसपासून लांब होतं. बसने गेलं तर रिंग रोडवरच अर्धी सकाळ संपायची. तरी मी तिथे घर घेतलं, कारण मालकीणबाई मराठी होत्या. मराठी घरात राहिलं की एकटं वाटणार नाही, असा माझा अंदाज होता. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणायला लागलो. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांमागे इकडे आलेलं. पुणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या वाक्यातले शब्द मराठी असायचे आणि मधले सांधे कन्नड. माझं बोलणं ऐकून त्या म्हणायच्या की हे तर पेपर वाचल्यासारखं वाटतं. मला त्या पुणेकर म्हणत.

अक्कांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या जिना चढत नसत. काही सांगायचं असेल तर जिन्याच्या लोखंडी कठड्यावर स्टीलचा पेला वाजवायच्या. मग मी वरून वाकायचो आणि त्या खालून सांगायच्या. पाण्याची टाकी भरली, मोटार बंद कर. कचऱ्याची गाडी आली. दूधवाला उद्या येणार नाही. आमचं बोलणं बहुतेक एवढंच असे. ते मराठीत होतं, हे खरं.

दर शुक्रवारी संध्याकाळी खाली बायकांचं भजन असायचं. सात-आठ जणी, बहुतेक साठीच्या पुढच्या, सगळ्या आसपासच्या क्रॉसरोडवर राहणाऱ्या. मराठी अभंग आणि कन्नड देवरनाम, दोन्ही म्हणायच्या. एकीकडून दुसरीकडे कधी गेल्या ते कळायचंही नाही. साथीला पेटी होती. आवाज जमिनीतून वर यायचा. शब्द पुसट होऊन यायचे, पेटी स्पष्ट यायची, आणि हसणं सगळ्यात स्पष्ट. भजनापेक्षा मधल्या वेळात त्या जास्त बोलायच्या. कुणाची तरी नक्कल चालायची, कुणाला तरी चिडवलं जायचं, आणि मग पेटीवाला सूर धरून त्यांना आठवण करून द्यायचा.

शुक्रवारी पाचनंतर मी मीटिंग ठेवणं बंद केलं. दिवा लावून जमिनीवर बसायचो. मला त्या खोलीत बसायचं होतं. इच्छा इतकी साधी होती की ती कुणाला सांगावी कशी, हे कळत नव्हतं. चाळिशीचा माणूस बायकांच्या भजनात जाऊन बसत नाही. त्या बायकांचे नवरे किंवा मुलगेही बसत नसत. स्कूटरवरून आणून सोडायचे, परत न्यायला आले की फाटकाबाहेर थांबायचे. आत बसणारा पुरुष एकच होता, पेटीवाला. त्यांना सगळ्या पेटीमास्तर म्हणायच्या. ऐंशीच्या घरातला, स्वच्छ धोतर नेसणारा माणूस. तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की पुरुषाला त्या खोलीत बसायला कारण लागतं आणि वाद्य हे ते कारण आहे.

गिटार शिकायला मी त्यानंतर सुरुवात केली. पेटी शिकावी असं आधी मनात आलं होतं, पण पेटीमास्तर असताना दुसरी पेटी कशाला? आणि गिटार घरात होतीच.

शिकवायला फोनवरचे व्हिडिओ होते. त्यात दिसणारे सगळे शिक्षक आनंदी असायचे. पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांचा पहिला गट, ई मायनर. दोन बोटं दोन तारांवर, बाकी तारा मोकळ्या. ती एका संध्याकाळी आली आणि गिटार सोपी आहे असं वाटलं. मग ए मायनर, मग सी. सी कॉर्डमध्ये तीन बोटं तीन वेगळ्या पट्ट्यांवर जिन्यासारखी उतरतात आणि त्यातलं एखादं हमखास शेजारच्या तारेला टेकतं. टेकलं की ती तार गप्प होते. जी कॉर्डसाठी हात असा पसरावा लागतो की करंगळीला आपण तिचे मालक आहोत हे नव्याने सांगावं लागतं. डी त्यापेक्षा बरी, एका जागी गोळा होणारी. एफ मी सोडून दिली. एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं, आणि दाबलं की लाकडावर ठोकल्यासारखा आवाज.

कॉर्ड धरता येणं वेगळं आणि एकीवरून दुसरीवर जाणं वेगळं, हे पुढचं ज्ञान. जीवरून सीवर जाताना माझा हात हवेत थांबायचा. पत्ता शोधत उभ्या राहिलेल्या कुरिअरवाल्यासारखा. तोपर्यंत ताल पुढे निघून गेलेला असायचा. डाव्या हाताची नखं मुळापासून कापली. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग दुखली, मग कडक झाली. कीबोर्डवर टाइप करताना त्या हाताला अक्षरं लागेनाशी झाली. शिवाय तारा खरखरायच्या. व्हिडिओतला शिक्षक म्हणायचा की खरखर आली म्हणजे बोट नीट दाबलेलं नाही. मी आणखी दाबायचो. खरखर थोडी कमी व्हायची, पूर्ण जायची नाही. दोष बोटांचा आहे हे मी मान्य केलं होतं.

तारा मी कानाने लावल्या होत्या. आमच्या घरी गाणं होतं. आई पेटीवर रियाज करायची आणि सा कुठेही धरता येतो, बाकीचे सूर त्याच्या नात्याने येतात, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. सगळ्यात जाड तार ऐकायला बरी वाटेल इतपत ताणली. मग तिच्या पाचव्या पट्टीवर बोट ठेवून त्या आवाजाला दुसरी तार जुळवली, तिच्यावरून तिसरी, आणि असंच शेवटपर्यंत. एका जोडीला चौथी पट्टी घ्यावी लागते, तेही लक्षात ठेवलं. सगळ्या तारा एकमेकींशी बरोबर जुळल्या. कॉर्ड व्हिडिओत वाटायची तशी गोड वाटली. व्हिडिओबरोबर वाजवून मी कधी पाहिलं नाही. आधी बघायचो, बंद करायचो, आणि मग वाजवायचो. आणखी कुणी वाजवत असताना आपण वाजवणं, हा प्रश्न माझ्यापुढे आलेलाच नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाशी पेटीमास्तर गेले. गेले म्हणजे देवनहळ्ळीच्या पलीकडे, जिथे शेतांचे प्लॉट पडलेत, तिथे त्यांच्या मुलाने घर बांधलं होतं. तिथून शुक्रवारी बसने येणं त्या वयात शक्य नव्हतं. शेवटच्या भजनाला बायकांनी त्यांना शाल दिली. ते मी वरून पाहिलं. पेटी त्यांची स्वतःची होती. कॅबच्या मागच्या सीटवर त्यांनी ती शेजारी ठेवली आणि तिला पट्टा लावायला ड्रायव्हरला सांगितलं.

पुढचे काही शुक्रवार भजन पेटीशिवाय झालं. वरून ऐकताना फरक कळायचा. एकीने सुरुवात करावी, दुसरीने तिच्यापेक्षा थोडं खाली धरावं, कडव्याच्या शेवटी सगळ्या तिसऱ्याच ठिकाणी पोचाव्यात. मग हसणं. हसणंही लवकर संपायला लागलं.

एका सकाळी कठड्यावर पेला वाजला. मी वाकलो. अक्का टाकीबद्दल काही बोलल्या नाहीत.

"पुणेकर, ते गिटार तूच वाजवतोस की?"

मी हो म्हटलं, आणि अजून शिकतोय असंही सांगितलं.

"ऐकतो की आम्ही. तेच तेच वाजवतोस."

"तेच तेच वाजवावं लागतं, अक्का."

"भजनात पण तेच तेच असतं," त्या म्हणाल्या. "सूर देशील?"

पुढचं त्यांनी सविस्तर सांगितलं. वरमहालक्ष्मीचा शुक्रवार जवळ आला होता. इकडे तो मोठा सण. कलश मांडायचा, त्याला साडी नेसवायची, गल्लीतल्या बायकांना हळदी-कुंकवाला बोलवायचं, आणि त्यांच्यासमोर भजन. एरवी कसंही गायलं तरी चालतं, पण त्या दिवशी लोक ऐकायला असतात. मी पट्टी कोणती ते विचारलं. हा प्रश्न विचारता आल्याचं मला समाधान वाटलं.

"पांढरी पाच," अक्का म्हणाल्या. "आमची लग्नं होऊन आलो तेव्हापासून तीच. मास्तरांनी कधी बदलली नाही."

पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी. इंग्रजीत तिला काय म्हणतात ते मी शोधलं. जी. जीच्या सुरावर गायलेल्या गाण्याला बहुतेक वेळा जी, सी आणि डी एवढ्या तीन कॉर्ड पुरतात, असंही तिथे लिहिलं होतं. या तिन्ही मला येत होत्या. एका ठिकाणी वाचलेलं खरं मानायचं नाही अशी सवय असल्यामुळे दुसरा तक्ता पाहिला, मग तिसरा. तिन्ही जुळले.

त्या भजनांच्या चाली मला जमिनीतून ऐकून पाठ होत्या. रोज संध्याकाळी काम संपलं की त्या गुणगुणत मी जी, सी, डी फिरवत राहिलो. हात हवेत थांबायचा बंद झाला. गुणगुणताना आवाज माझ्या सोयीच्या ठिकाणी पडायचा आणि गिटारशी जमायचा. एकदा तालीम करू या का, असं अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या की तालीम कसली, भजन आहे, नाटक नाही.

त्या शुक्रवारी मी इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरलो. दारात चपलांचा ढीग होता. पुरुषाच्या चपला माझ्याच. खोली मी वरून कल्पना केली होती त्यापेक्षा लहान निघाली. समोर केळीचे खांब, मध्ये कलश, त्याला हिरवी जरीची साडी आणि चांदीचा मुखवटा. रेशमी साड्या नेसलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी आल्यावर सगळ्या थोड्या सावरून बसल्या. पेटीमास्तरांची सतरंजी रिकामी ठेवली होती. अक्कांनी तिकडे हात केला.

बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई त्या मंडळात होत्या. वरून ऐकू येणाऱ्या नकला बहुधा यांच्याच, असं आवाजावरून वाटलं. त्यांनी गिटारकडे बघून म्हटलं, "कॉलेजच्या गॅदरिंगला आल्यासारखं वाटतंय. अक्का, नाचायचं पण आहे का?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. ते हसणं पहिल्यांदाच जमिनीतून न येता समोरून आलं होतं.

अक्कांनी सूर मागितला. मी जी छेडली. त्यांनी डोळे मिटून तो घेतला आणि पहिली ओळ सुरू केली, बाकीच्या मागोमाग आल्या. पहिल्या ओळीत चाल खाली उतरते. तिथे त्यांचे आवाज एकेक करून बुडाले. शब्द नुसते बोलल्यासारखे ऐकू आले. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला कुणी काही न ठरवता सगळ्या वर गेल्या, जिथे त्यांना सवय होती तिथे, आणि तिथे घट्ट उभ्या राहिल्या. मी खालीच राहिलो. जी, सी, डी, सगळं जागच्या जागी होतं आणि त्यातलं काहीही त्यांच्या गाण्याला लागत नव्हतं. ऐकायला आलेल्या बायकांपैकी एक लहान मुलीला काहीतरी कानात सांगत होती. मी मोठ्याने वाजवून पाहिलं. ते आणखी वाईट झालं.

"साकु," अक्का म्हणाल्या. पुरे. आवाज कडक नव्हता. टाळ धरलेल्या हाताने त्यांनी मला थांबवलं आणि तोच हात तालावर परत आणला.

पुढची सगळी भजनं त्यांनी वाद्याशिवाय म्हटली आणि चांगली म्हटली. मी मांडीवर गिटार घेऊन शेवटपर्यंत बसलो. उठून जाणं जास्त दिसलं असतं. आरतीनंतर हळदी-कुंकू सुरू झालं. ताट एकीकडून दुसरीकडे फिरत माझ्यापर्यंत आलं आणि मला वळसा घालून पुढे गेलं. ते तसंच जायला हवं होतं. मला द्रोणात कोसंबरी मिळाली, भिजवलेल्या मूगडाळीची, आणि पेल्यात गुळाचं पानक.

बँकेतल्या बाई शेजारी येऊन बसल्या. गिटारबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मिसेस पुण्यालाच असतात का, असं विचारलं.

"आम्ही वेगळे झालो," मी म्हटलं.

"वेगळे म्हणजे, नोकरीसाठी?"

"नाही. घटस्फोट झाला."

"मुलं?"

"नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि द्रोणाकडे पाहिलं. आजूबाजूच्या दोघी-तिघी आता इकडे वळून बसल्या होत्या. अक्का लांबून म्हणाल्या की पुणेकरला स्वल्प कोसंबरी अजून वाढा. कुणीतरी वाढली. मग कलशाच्या साडीचा काठ म्हैसूरचा की कांचीचा, यावर बोलणं सुरू झालं. मी पेला जागेवर ठेवून वर आलो.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी शोधलं. तारा जुळवण्याचं एक ॲप फोनवर घेतलं, जे फार आधी घ्यायला हवं होतं. जाड तार छेडली. ती जिथे असायला हवी त्याच्या बरीच खाली निघाली. बाकीच्या पाचही तितक्याच खाली. मी ज्याला जी म्हणत होतो ती पेटीवर पांढरी तीन ठरत होती. एकच चुकीची प्रत समोर ठेवून मी सगळी प्रुफं तिच्याशी ताडून पाहिली होती. प्रुफं निर्दोष होती.

तारा वर चढवताना सगळ्यात बारीक तार तुटली. सिटी मार्केटच्या बाजूला वाद्यांची दुकानं आहेत, तिथून नवा संच आणला. नव्या तारा ॲपच्या सांगण्यावरून लावल्या, एकेक. मग जी धरली. खरखर गेली होती. ती बोटांची नव्हतीच. तारा सैल असल्याने त्या पट्ट्यांवर आपटत होत्या. आता ताण वाढल्यामुळे कडक झालेली बोटं पुन्हा नव्याने दुखायला लागली. पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बारीक टाइपात दुरुस्ती छापायची सोय असते. इथे ती कुठे छापायची हा प्रश्न होता. मी जिन्यावरून वाकून अक्कांना सांगितलं की दोष सापडला, तारा खाली लागल्या होत्या, आता पांढरी पाच पक्की आहे.

"सरी," म्हणजे ठीक, त्या म्हणाल्या, आणि मोटार बंद करायला सांगितली.

पुढच्या शुक्रवारी मी सदरा बदलून बसलो होतो. कठडा वाजला नाही. थोड्या वेळाने खालून एक अखंड गुणगुण वर आली. श्रुतिपेटी, विजेवर चालणारी. इकडे गाणं शिकणाऱ्या घरांत असते तशी. बँकेतल्या बाईंच्या मुलाने आणून दिली होती, हे नंतर कळलं. ती पांढरी पाचवर लावलेली होती. बायकांनी सूर घेतला आणि भजन सुरू झालं.

मी दार-खिडकी लावली आणि गिटार घेतली. जी हळूच छेडली. ती जुळली. त्या खाली उतरल्या तिथे जुळली, वर गेल्या तिथेही जुळली. सीवर गेलो, परत आलो, डीवर गेलो. पूर्ण भजनभर एकही जागा चुकली नाही. मधल्या वेळात त्या बोलायला लागल्या तेव्हा मी हात तारांवर आडवा ठेवून थांबलो. कुणी नक्कल केली, सगळ्या हसल्या, मला शब्द कळले नाहीत.

त्यानंतर दर शुक्रवारी असंच चाललं. गणपती झाले, नवरात्र झालं. नवरात्रात खाली रोज भजन होतं, त्यामुळे मीही रोज वाजवलं. माझी अशी समजूत होती की दोष फक्त सुराचा होता, तो दुरुस्त झालेला आहे आणि ही गोष्ट कधीतरी खाली कळेल. श्रुतिपेटी बिघडेल, किंवा लोड शेडिंग होईल. लोड शेडिंग एकदा झालं. त्या मेणबत्ती लावून तशाच गायल्या.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी मी दुधाच्या पिशव्या घेऊन आत येत होतो. अक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर उन्हात बसून कनकांबराची फुलं निवडत होत्या. त्यांना ओलांडून वर जाता येईना. त्याही सरकल्या नाहीत.

"शुक्रवारी वाजवतोस ना वर?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं की त्रास होतो का.

"त्रास कसला. आता बरोबर असतो सूर."

मग मी परत सगळं सांगितलं. तारांचं, ॲपचं, पांढऱ्या तीनचं. म्हटलं, बोलावलंत तर केव्हाही खाली येईन.

अक्का फुलं निवडत राहिल्या. कोमेजलेली एकीकडे, चांगली मांडीवर.

"सुराचं काही नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "ह्या शुक्रवारी नाही जमला तर पुढच्या शुक्रवारी जमतो सूर. मास्तर पण चुकायचे. बाकीच्यांना तुझ्यासमोर अवघड होतं. बायका पाय पसरतात, कुणी सुनेचं सांगतं, कुणी कशाचं. मास्तर आमच्या सगळ्यांच्या लग्नात जेवलेले. त्यांचं काय वाटायचं नाही. तू पुण्याचा, एकटा. वाईट कुणी नाही बोललं तुझ्याबद्दल. अवघड होतं, एवढंच."

मी बरं म्हटलं. पिशव्या थंड होत्या, त्या मी दुसऱ्या हातात घेतल्या.

"मी पण काही म्हटलं नाही त्यांना," अक्का म्हणाल्या. "म्हणायला पाहिजे होतं. पण मलाही त्यांच्यातच बसायचंय की."

त्यांची मुलं अमेरिकेत होती. शुक्रवार सोडला तर त्यांच्याकडे कुणी येताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं की मला समजलं. ते खरं होतं.

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून पाय बाजूला घेतला आणि मला वाट दिली. मी दोन-तीन पायऱ्या चढलो तेव्हा मागून म्हणाल्या, "पुणेकर. वाजवताना दार लावतोस. लावू नको, उघडं ठेव."

शुक्रवारी दार उघडं ठेवलं. दार थेट जिन्यावर उघडतं आणि जिना खाली अक्कांच्या खोलीसमोर संपतो. मी उंबरठ्यापासून थोडा आत बसलो, खालून दिसणार नाही असा. श्रुतिपेटी सुरू झाली. अक्कांनी पहिली ओळ धरली आणि मी जी छेडली, नेहमीइतकीच हळू.

टाळ न थांबता खाली कुजबुज झाली. मग बँकेतल्या बाईंचा आवाज आला, या वेळी शब्दांसकट. "अक्का, वरून पण येतंय."

"येऊ दे," अक्का म्हणाल्या.

काही क्षण फक्त श्रुतिपेटी आणि टाळ. मग त्या सगळ्या दुसऱ्या ओळीवर गेल्या, आणि मी सी धरली.